पहार सापडते, अंगठी का सापडत नाही?

प्रश्न : लावणीच्या वेळी आईची सोन्याची अंगठी मुळशीतील आमच्या भातखाचरात पडली. ती शोधण्यासाठी मी पल्स इंडक्शन पद्धतीचा (कॉइलमध्ये विजेचे झटके सोडून धातूचा प्रतिसाद टिपणारा) धातुशोधक घरी तयार केला. 25 सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला 45 वेढे दिले असून तिला 470 ओहमचा डॅम्पिंग रेझिस्टर (झटका शमवणारा रोध) समांतर जोडला आहे. लोखंडी पहार दीड फुटावरून कळते, पण पत्नीची अंगठी कॉइलला जवळजवळ टेकवूनही आवाज येत नाही. वेढे आणि व्होल्टेज वाढवू का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कृपया वाढवू नका, वेढे निम्मे करा. आपले यंत्र अशक्त नाही, ते उशिरा ऐकू लागते.

कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा मॉस्फेट बंद होताच कॉइलवर शेकडो व्होल्टचा झटका येतो आणि त्याच क्षणी जवळच्या धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होतात. जाडजूड पहारेत ते बराच काळ टिकतात, तर बारीक अंगठीत काही मायक्रोसेकंदांतच ओसरू लागतात, म्हणून कॉइल स्वतः शांत होईपर्यंत अंगठीचा संदेश विरून गेलेला असतो. आपल्या कॉइलचे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, सुमारे 1200 मायक्रोहेन्री भरेल. त्याला 470 ने भागल्यास अडीच मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक (झटका सुमारे 37 टक्क्यांवर उतरण्यास लागणारा वेळ) मिळतो आणि 400 व्होल्टचा झटका एका मिलिव्होल्टपर्यंत उतरण्यास असे सुमारे 13 कालस्थिरांक, म्हणजे 33 मायक्रोसेकंद लागतात. अंगठीसाठी पहिला नमुना, म्हणजे यंत्राचे पहिले मोजमाप, 10 ते 12 मायक्रोसेकंदांवर घेता आला पाहिजे.

इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 22 वेढ्यांत ते 300 मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल. इनॅमलच्या तारेऐवजी जाड आवरणाची बहुतारी वायर वापरल्यास वेढ्यांमधील कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याचा गुण) घटतो. अशी वायर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारून पाहावी. डॅम्पिंगसाठी तात्पुरता एक किलोओहमचा प्रीसेट (रोध बदलता येणारा रेझिस्टर) बसवा आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) लावून रोध हळूहळू वाढवा. लहरी उमटू लागताच किंचित मागे या आणि तेवढ्या किमतीचा कायम रेझिस्टर जोडा. हे करताना कॉइलच्या टोकांना हात लावू नका आणि स्कोपचा प्रोबही थेट तेथे लावू नका, कारण तेथील झटका धोकादायक असतो.

पद्धतीची आपली निवड मात्र योग्य आहे. बेसॉल्टपासून झालेल्या आपल्याकडील मातीत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. त्यांचा सततच्या लहरीवर चालणाऱ्या साध्या धातुशोधकांना जितका त्रास होतो तितका या पद्धतीला होत नाही. सोने आणि लोखंड यांतील फरक मात्र हे यंत्र सांगणार नाही, म्हणून खिळे आणि गोळ्यांच्या पाकिटांची चांदीही उकरावी लागेल. अंगठी चिरलेली असल्यास भोवरी प्रवाहाला पूर्ण वेढा मिळत नाही आणि संदेश फारच क्षीण होतो, तेव्हा आईंना हे अवश्य विचारा.

शोधताना जुनी नाणी अथवा दागिने मिळाले आणि त्यांचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असले, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

खाचर सुकल्यावर दोऱ्या बांधून पट्टे आखा आणि कॉइल जमिनीलगत ठेवून सावकाश फिरवा. एवढ्या बारीक दागिन्यासाठी घरगुती यंत्राकडून वीतभरापेक्षा अधिक खोलीची अपेक्षा ठेवू नये. पट्टा कोरा गेल्यास वरचा थर बाजूला सारून तोच पट्टा पुन्हा तपासा. नांगरणी मात्र तोपर्यंत थांबवा.