छोट्या ट्रॅक्टरला नांगर जोडताय? थोडं थांबा

आधी ट्रॅक्टर बघा. फक्त गवत कापायच्या हलक्या ट्रॅक्टरची गिअरपेटी नांगराची ओढ सोसत नाही. मी एक अशीच घालवलीय. ट्रॅक्टर दणकट असला तरी मागच्या चाकांवर वजनं हवीतच, नाहीतर चाकं जागीच फिरतात.

माती वापशावर येऊ द्या, म्हणजे ना फार ओली, ना फार कोरडी. पहिलं तास (नांगराने पडणारी चर) उथळ घ्या, ३-४ इंच पुरे. दुसऱ्या तासाला उजवी चाकं आधीच्या तासात उतरतात आणि ट्रॅक्टर कलतो. तिथे थांबून नांगर पुन्हा समपातळीत आणा. नवखे नेमके इथेच चुकतात आणि दोष फाळाला देतात! टॉप लिंक (नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा) आखूड केली की फाळाचं टोक खाली जातं, नांगर माती धरतो. वळण्याआधी नांगर उचलाच. दगडाला अडकला तर जोर लावू नका, मागे येऊन सोडवा.