हातातलं विणकाम अर्धं असताना नवीन सुरू करायचा मोह कसा आवरावा?

स्वेटरची पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली आणि दुसरी बाही राहिलेली असतानाच नवी लोकर सुयांवर चढली. अशी चार विणकामं पिशवीत पडली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या बाहीशी गाडी अडणारच, कारण तिच्यात नवं काहीच नसतं, नुसती मोजून नक्कल. म्हणून बाह्या एकीमागून एक विणूच नका. ८० सेंमी किंवा त्याहून लांब गोल सुई (लवचिक वायरने जोडलेली दोन टोकं) घ्या, लोकरीचे दोन गुंडे घ्या आणि दोन्ही बाह्यांचे टाके शेजारी शेजारी घाला. प्रत्येक ओळीत आधी एक बाही, मग दुसरी. टाके वाढवायची ओळ दोन्हीकडे एकदमच येते, त्यामुळे एक बाही आखूड आणि एक लांब असं होत नाही. काम पलटताना एकदा डावीकडून, पुढच्या वेळी उजवीकडून पलटा, नाहीतर दोन धाग्यांना पीळ पडतो.

नवीन सुरू करणं हा काही गुन्हा नाही. खरं नुकसान होतं ते जुन्या कामाची सुई पळवल्यावर. टाके कुठल्यातरी दोऱ्यावर ओवले जातात आणि तीन महिन्यांनी सुई ८ नंबरची (४ मिमी) होती की ९ नंबरची (३.७५ मिमी), हे आठवत नाही. (आपल्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, तिथेही गोंधळ होतो.) शिवाय मध्ये खंड पडला की हाताची ओढ, म्हणजे धागा किती घट्ट-सैल धरतो ते, बदलते. आधी १० सेंमीत २२ टाके बसत होते आणि आता २० बसतात, तर १०० टाक्यांचा भाग साडेपंचेचाळीसऐवजी ५० सेंमी रुंद होतो. पाठ आणि पुढचा भाग मग जुळायचा कसा?

तेव्हा दोन कामं चालू ठेवायचीच असतील तर ती वेगवेगळ्या नंबरांच्या सुयांवरची निवडा: एक साधं सुलट-उलट, टीव्हीसमोर होणारं, आणि एक नमुन्याचं, मोजावं लागणारं. तिसरं नाही.

काम बाजूला ठेवताना ओळ पूर्ण करूनच ठेवा. मधेच सोडलंत तर परत घेताना दिशा चुकते आणि भोक पडतं. मधेच सोडलेलं सापडलं, तर गुंड्याचा धागा ज्या टाक्यातून निघतो तो टाका उजव्या हातात हवा, एवढं पाहा. महिनाभर हात लागणार नसेल तर शिवणाच्या बोथट सुईने टाके गुळगुळीत सुती दोऱ्यावर घ्या. लोकरीचा दोरा नको, तो टाक्यांत गुंततो. सोबत चिठ्ठी: सुईचा नंबर, टाके किती, कितवी ओळ झाली, पुढची सुलट की उलट, आणि लोकरीचा लॉट नंबर (कुठल्या रंगवणीतली लोकर, तो आकडा). लॉट वेगळा निघाला तर रंगाचा पट्टा उठून दिसतो. तशी वेळ आलीच तर काही सेंमीपर्यंत दोन ओळी जुन्या गुंड्याने, दोन नव्याने असं विणत जा.

नव्या लोकरीची फारच ओढ लागली तर फक्त नमुन्याचा तुकडा विणा. ८ प्लायसारख्या मध्यम जाडीच्या लोकरीला ३३ टाके, ४२ ओळी, म्हणजे साधारण १५ सेंमीचा चौकोन. धुऊन सपाट वाळवा. निम्म्या वेळा हौस तिथेच फिटते, आणि नाही फिटली तरी माप हाताशी राहतं.

आता पिशवीतली चार. एकेक काढून अडलं कशामुळे ते बघा. चूक झालीय? तेवढ्याच ओळी उसवा. लोकर कमी पडलीय? अर्धी झालेली बाही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. उरलेली लोकर तिच्या वजनाहून कमी भरली तर बाही आखूड करा किंवा सरळ बिनबाह्यांचा स्वेटर करा. लहान मुलासाठी घेतलं होतं आणि ते मूल आता मोठं झालंय? उसवाच. उसवलेला कुरळा धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबून टांगून ठेवा. वाळल्यावर तो बराच सरळ होतो. पिळू मात्र नका. आणि तसा कुरळाच वापरलात तर टाके वेडेवाकडे पडतात.