दाताच्या डॉक्टरला जबडा कोण कापू देतं?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे ओरल सर्जरीत, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करायचंय, शिवाय रिसर्चही. वडील लिहितात, "आम्ही तिच्या क्लिनिकसाठी गाळा बघून ठेवलाय. दाताच्या डॉक्टरला जबड्याचं ऑपरेशन कोण करू देतं? लंडनचे आमचे मेहुणे म्हणतात, त्याला एमबीबीएसही लागतं. आणि रिसर्च करत बसली तर प्रॅक्टिस कधी करणार?"

नमस्कार.

गाळा हातचा सोडू नका, पण फर्निचरची घाईही करू नका.

मेहुणे सांगतात ते खरं आहे, पण ते तिकडचं. ब्रिटनमध्ये या शाखेच्या तज्ज्ञाला दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे बीडीएस, मग नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षांचं एमडीएस, एवढं पुरतं. आणि जबडा दाताच्याच डॉक्टरने का जोडायचा, हे कोणत्याही सिव्हिल हॉस्पिटलात रात्री अकराला कळतं. मोटरसायकलवरून पडलेला माणूस येतो, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला. हाडं दिसायला सरळ जोडली आणि दातांवर दात बसले नाहीत, तर त्याला भाकरी चावता येत नाही. म्हणून आधी दात त्यांच्या मूळ बैठकीत आणून तारांनी बांधायचे आणि मगच प्लेट बसवायची. ही बैठक ओळखायची नजर तुमची मुलगी आत्ता तिसऱ्या वर्षात तयार करतेय.

पैशांचं मात्र आधीच सांगून ठेवतो. एमडीएस झाल्यावर बहुतेकजण सुरुवातीला फिरते कन्सल्टंट होतात. गाडीच्या डिकीत इन्स्ट्रुमेंटची पेटी, सकाळी एका क्लिनिकात अक्कलदाढ, दुपारी दुसरीकडे इम्प्लांट. घर त्यावर चालतं. मोठी ऑपरेशनं हॉस्पिटलातच होतात आणि ती हाती यायला काही वर्षं जातात. मुलीच्या डोळ्यांपुढे फक्त मोठी ऑपरेशनं असतील, तर तिला हेही ऐकवा.

आता रिसर्च. तुमच्या डोक्यात बहुधा पांढरा कोट, मायक्रोस्कोप आणि पेशंटपासून लांबची खोली असावी. या शाखेत उलटं आहे. सुपारी, मावा, खर्रा खाऊन तोंड उघडेनासं होतं, तो सबम्युकस फायब्रोसिस हा आजार तुम्ही आजूबाजूला पाहिला असेलच. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण मांडले आणि नावही दिलं. १९९५ मध्ये मुंबईच्याच खन्ना आणि अंद्राडे यांनी १०० रुग्णांचा अनुभव लिहून त्यावर ऑपरेशनची नवी पद्धत सुचवली. यातलं काहीही ओपीडीकडे पाठ फिरवून झालेलं नाही. समोर आलेला पेशंट नीट पाहिला, मोजला आणि लिहून ठेवला, त्यातून ते उभं राहिलं.

आणि न लिहिल्याने काय होतं, ते माझ्याच प्रबंधावरून सांगतो. करिअरचे सल्ले द्यायला लागण्यापूर्वी मी याच शाखेत होतो. प्रबंधासाठी याच आजाराचे वीस रुग्ण घेतले होते. त्यात एक ट्रक ड्रायव्हर होता. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर कॅलिपरने मोजलं, १२ मिलिमीटर. पोळीचा तुकडा घडी करून आत सारायचा. ऑपरेशनमध्ये ते ३६ पर्यंत नेलं आणि आम्ही खूश. घरी जाताना त्याला आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दिली. ती रोज पाच-सहा वेळा दातांत धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. हे फार दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं. पण केलं नाही तर तोंड पुन्हा मिटत जातं. तो गेला तो गेलाच. केस पेपरवरचा नंबर गावातल्या किराणा दुकानाचा निघाला. सात महिन्यांनी दाढ दुखते म्हणून उगवला तेव्हा कॅलिपर १७ वर अडला, आणि खिशात माव्याची पुडी. माझा प्रबंध तोवर सादर झाला होता. त्यात त्याच्या ओळीत शेवटचा आकडा ३६ च आहे.

प्रबंध पास झाला, मार्कही बरे पडले. पण ऑपरेशन टिकलं का, हा खरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पुढे प्रॅक्टिसमध्ये मी ऑपरेशनइतकाच वेळ काड्या शिकवण्यात घालवला आणि पेपरवर बायकोचा किंवा भावाचाही नंबर लिहून घ्यायला लागलो. रिसर्चमुळे प्रॅक्टिस मागे पडेल ही तुमची भीती म्हणून मला पटत नाही. जो स्वतःच्या पेशंटचं सहा महिन्यांनी काय झालं ते शोधतो, त्याचा हात सुधारतो.

तिला आत्ता करता येण्यासारखं एक आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठीही असते, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. गाइड शोधायचा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची, माहिती गोळा करायची, अहवाल लिहायचा. यात तिला रिसर्चची आवड आहे की रिसर्च या शब्दाची, ते कळेल. पण ती शिकत असतानाच करायची असते, तेव्हा यंदाची सूचना लगेच बघायला सांगा.

एमडीएससाठी कॉलेज निवडायची वेळ येईल तेव्हा इमारत आणि फी सगळेच बघतात. तिने आधी त्या विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला चहाला न्यावं आणि दोन गोष्टी विचाराव्यात. आठवड्यात ओटीचे, म्हणजे ऑपरेशनचे, दिवस किती आणि त्यात तुमच्या हाती सुरी किती वेळा येते? फॉलो-अपचं रजिस्टर कुठे असतं? पहिल्याचं उत्तर सगळे फुगवून देतात. दुसऱ्याला तो कपाटाकडे बोट दाखवतो की हसतो, एवढं बघितलं तरी पुरे.

मुलीच्या जातीला हे झेपेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जबड्याचा सांधा निखळला तर तो बसवायला ताकदीपेक्षा अंगठे कुठे ठेवायचे ते कळावं लागतं. पहिल्या वर्षी ड्युट्यांमुळे झोप मिळत नाही, ती मुलांनाही मिळत नाही. लग्नाचं विचारलंत, त्याचं उत्तर मात्र तिच्याकडेच मागा.