आधी ओबामा, मग ट्रम्प?

प्रश्न : अमेरिकेत एकच माणूस आधी ओबामांना आणि नंतर ट्रम्पना मत कसं देतो? पक्षनिष्ठा नसतेच का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून असलेल्या मॅकॉम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी केली, म्हणून तिथलंच सांगते. या काउंटीने 1960 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या केनेडींना भरभरून मतं दिली, 1984 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांना सुमारे दोन-तृतीयांश. 2008 आणि 2012 मध्ये डेमोक्रॅट ओबामा, त्यानंतर सलग तीनदा रिपब्लिकन ट्रम्प. 2016 मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन जेमतेम 10,704 मतांनी जिंकलं. एकट्या मॅकॉमची आघाडी त्याच्या चौपटीहून मोठी होती!

पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या प्रेस यंत्रावर काम करणारा माझा एक सहकारी युनियनचा पक्का माणूस. 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या, सरकारने पैसा ओतून त्या वाचवल्या. पगार चालू राहिला, त्याने 2012 मध्ये पुन्हा ओबामांना मत दिलं. पुढे आमच्या खात्यातले काही डाय (प्रेसमधले साचे) मेक्सिकोला रवाना झाले. ते ट्रकवर चढवायलाही तोच होता. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या 1994 च्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारावर ट्रम्प उघड तुटून पडत होते, ते त्याला पटलं. स्थलांतरितांविषयीचा रागही त्यात मिसळलेला होता, आणि तो मला बोचायचा. पण त्या माणसाला बिनबुडाचा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय प्रत्येक झुकाव पक्ष बदलणाऱ्यांमुळेच होतो असं नाही. जुने मतदार घरी बसतात, नवे बाहेर पडतात, तेवढ्यानेही निकाल फिरतो.