दरोड्यात फक्त गाडी चालवली, तर शिक्षा कमी होते का? (प्रकरण सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटात पाच जणांनी ट्रक लुटला, माझा नातेवाईक गाडीतच बसून होता)

कायद्याने नाही, गाडीत बसून राहिलेलाही दरोडेखोरच ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये पाच किंवा जास्त जण मोजताना लुटणारे आणि तिथे हजर राहून मदत करणारे, दोन्ही धरले जातात. म्हणजे तुमचा नातेवाईक धरूनच पाच होतात! शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, शिवाय दंड. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३९५ लागेल, शिक्षा तीच. मी साताऱ्यात फौजदारी वकिली करतो. ‘मी खाली उतरलोच नाही’ हा बचाव नेहमी ऐकतो. एवढ्यावर कोणी सुटत नाही. काय शिजतंय हे त्याला ठाऊकच नव्हतं, असं दिसलं तर गोष्ट वेगळी.

फरक पडतो तो शिक्षेच्या आकड्यात. साध्या दरोड्याला किमान शिक्षा ठरलेली नाही, त्यामुळे भूमिका, वय, आधीचे गुन्हे बघून सत्र न्यायाधीश वर्षं कमी करू शकतात. घातक शस्त्र वापरल्यास किमान सात वर्षं (कलम ३११), पण ती ज्याने शस्त्र वापरलं त्यालाच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूलकुमार खटल्यात भादंविच्या कलम ३९७ बद्दल (आताच्या ३११ चं जुनं रूप) हेच सांगितलं. मात्र लुटताना एकाने जरी खून केला, तरी ३१०(३) खाली पाचही जण अडकतात: फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं. तिथे चालकालाही सूट नाही.