इंग्लंडमधल्या गावच्या हौशी नाटकमंडळात, उच्चार भारतीय असताना, जुन्या इंग्रजी नाटकासाठी ऑडिशन द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडला येऊन दोन वर्षं झाली. गावातलं हौशी मंडळ ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' बसवतंय, हॉलच्या दारावरची ऑडिशनची सूचना तुम्ही जाता-येता वाचता, पण आपले उच्चार आठवले की आत जायचा धीर होत नाही. जा. मी यॉर्कशरमध्ये नऊ वर्षं अशा मंडळांतून काम करतेय, आणि नेमक्या याच नाटकात दोनदा होते. आधीच्या गावी विंगेत, आणि दोन वर्षांपूर्वी रंगमंचावर, मिस प्रिझमच्या भूमिकेत.

आधी हे सांगते की ही मंडळी तुमच्यामाझ्यासारखीच आहेत. कुणी नर्स, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी प्लंबर. आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, असे दहा-बारा आठवडे, मग बुधवार ते शनिवार चार प्रयोग. मध्यंतरात चहा-बिस्किटं आणि रॅफलची, म्हणजे छोट्या सोडतीची, तिकिटं, त्यातून हॉलचं भाडं निघतं. माझे वडील सांगलीत हौशी संघात प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे नट विसरला की विंगेतून वाक्य पुरवायचे. इथल्या पहिल्या तालमीला गेले तेव्हा लाकडाचा आणि ताज्या रंगाचा तोच वास आला, आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

जुनीच नाटकं का, असंही तुम्ही विचारलंय. नाटकं उत्तम आहेत हे पहिलं कारण, पण पैशाचंही आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. वाइल्ड 1900 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या नाटकाला परवाना लागत नाही. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांची नाटकं 1 जानेवारी 2021 पासून इथे मोकळी झाली. नोएल कॉवर्ड किंवा प्रीस्टली या त्यांच्यानंतर गेलेल्या नाटककारांचं नाटक करायचं तर मात्र दर प्रयोगाचे पैसे मोजावे लागतात, आणि दीडशे खुर्च्यांच्या हॉलला ते जाणवतात. शिवाय 'अर्नेस्ट'मध्ये नऊ पात्रं, त्यांत चार बायका, आणि चारही भूमिका भरभक्कम. माझ्या मंडळात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणून असं नाटक निवडलं की आम्हाला फार आनंद होतो.

आता उच्चारांबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

पहिल्या वेळी मीही घाबरून 'मला फक्त मागचं काम द्या' म्हटलं होतं. मला प्रॉप्स, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू सांभाळणं, आणि प्रॉम्प्टिंग मिळालं. या नाटकात प्रॉप्स म्हणजे मुख्यतः खाणं. पहिल्या अंकात अल्जर्नन मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस बोलता-बोलता स्वतःच संपवतो, आणि ती मावशी, लेडी ब्रॅकनेल, येते तेव्हा ताट रिकामं असायला हवं. दुसऱ्या अंकात चहा आहे. ग्वेंडोलेन साखर नको म्हणते तर सेसिली चार खडे टाकते, ब्रेड-बटर मागते तर केकचा मोठा तुकडा वाढते. घास कुठल्या वाक्यानंतर घ्यायचा, गिळायला किती वेळ लागतो, कप बशीवर कुठल्या शब्दाला टेकतो, हे चार प्रयोग मी हातात संहिता धरून मोजत होते. तिथे मला कळलं की वाइल्डचं वाक्य शेवटच्या दोन-तीन शब्दांसाठी लिहिलेलं असतं. ते शेवटचे शब्द गिळले गेले की सभागृह गप्प राहतं, मग बोलणारा कितीही अस्सल लंडनचा असो.

प्रॉम्प्टिंगनेही एक गोष्ट शिकवली. नटाने मुद्दाम घेतलेली शांतता आणि विसरल्यामुळे पडलेली शांतता यांचा आवाज वेगळा असतो. पहिलीत श्वास धरलेला असतो, दुसरीत सुटलेला. वडील हेच सांगायचे, मराठी नाटकांबद्दल.

मग मिस प्रिझम. ती तरुणपणी बाळाला सांभाळणारी होती. एके दिवशी विसरभोळेपणाने तिने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित बाबागाडीत ठेवलं आणि बाळ हँडबॅगेत, आणि ती बॅग व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात सोडून दिली. तिसऱ्या अंकात ती हे सगळं कबूल करते. मी पहिल्या वाचनाला ओढूनताणून 'इंग्लिश' आवाज काढला. आमच्या दिग्दर्शिकेने मला थांबवून फक्त तीन गोष्टी करायला लावल्या. शब्दांच्या शेवटची व्यंजनं पूर्ण करायची, शब्दातला आघात योग्य जागी द्यायचा, आणि 'व' नीट म्हणायचा. आपण मराठी माणसं इंग्रजी शब्दाच्या सगळ्या अक्षरांना सारखंच वजन देतो. 'पेरॅम्ब्युलेटर'मध्ये सगळा जोर 'रॅ'वर पडायला हवा, बाकीची अक्षरं हलकी. तिसरं, आपला 'व'. 'व्हॉल्यूम' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेट' म्हणताना ओठ गोल होतात. एवढ्या तीन दुरुस्त्यांची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. बाकी माझा आवाज सांगलीचाच राहिला आणि कुणाची तक्रार आली नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बॅग परत समोर येते तेव्हा मिस प्रिझम तिच्यावरच्या खुणा ओळखते. गॉवर स्ट्रीटच्या बसला झालेल्या अपघातात पडलेला पोचा, अस्तरावरचा डाग, कुलपावरची आद्याक्षरं. समोर त्या बाळाच्या, आता मोठ्या झालेल्या माणसाच्या, जन्माचं कोडं सुटतंय, आणि हिला बॅग सापडल्याचा आनंद. मी आधी हे विनोद म्हणून करत होते आणि तालमीत कुणी हसत नव्हतं. मग मी खरंच हरवलेली वस्तू सापडल्यासारखं ती बॅग छातीशी धरून म्हटलं, आणि पहिल्या प्रयोगाला सभागृह इतकं हसलं की पुढच्या वाक्यासाठी थांबावं लागलं. या नाटकातला प्रत्येक माणूस आपलं बोलणं मनापासून खरं मानतो. तुम्ही तसं मानलंत की उच्चार कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पुढे कधी शेक्सपिअर करायची वेळ आली तर तुमच्याजवळ एक ठेवा आधीच आहे. लहानपणी शिवतांडवस्तोत्र म्हटलं असेल ना? 'जटाटवीगलज्जल' हे पंचचामर वृत्त, लघु-गुरू, लघु-गुरू अशा आठ जोड्या. शेक्सपिअरच्या ओळीत अशाच साधारण पाच जोड्या असतात. फरक इतकाच की आपल्याकडे अक्षराची लांबी मोजतात, तिथे आघात. ज्याच्या अंगात ती चाल भिनलेली आहे त्याला ती ओळ परकी वाटत नाही. उन्हाळ्यात एका बागेत 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' केलं तेव्हा मी तालमीला निघताना मुद्दाम स्तोत्र पुटपुटत जायचे.

त्याच नाटकात सुतार, विणकर, शिंपी, कासार असे सहा कारागीर अथेन्सच्या ड्यूकच्या लग्नासाठी नाटक बसवतात. फ्लूटला बाईची भूमिका नको असते कारण त्याला दाढी फुटतेय. स्नग पाठांतरात मंद, म्हणून त्याला सिंह देतात, फक्त डरकाळी फोडायची. शेक्सपिअरने आपल्यासारख्या हौशी माणसांना नाटकाच्या मधोमध जागा दिलीय. 2016 मध्ये, त्याच्या मृत्यूला 400 वर्षं झाली तेव्हा, रॉयल शेक्सपिअर कंपनीने हे नाटक देशभर फिरवलं आणि त्या कारागिरांच्या भूमिका जागोजागच्या हौशी मंडळांना दिल्या. नॉर्विचच्या मॅडरमार्केट थिएटरची गोष्टही मला फार आवडते. नुजंट मंकने 1921 मध्ये जुन्या एलिझाबेथकालीन धाटणीचं ते नाट्यगृह उघडलं आणि हौशी नटांकडून 1933 पर्यंत शेक्सपिअरची सगळी नाटकं करून घेतली. कार्यक्रमपत्रिकेवर नटांची नावं नसायची.

तेव्हा असं करा. मंडळाच्या सचिवांना ईमेल करून ऑडिशनचे उतारे आधी मागवा, बहुतेक मंडळं देतात. आवाज न बदलता रोज मोठ्याने वाचा, वाक्याच्या शेवटावर लक्ष ठेवून. अर्जात 'पडद्यामागचं काम करायला तयार आहात का' असा प्रश्न असेल तर 'हो' लिहा, पण भूमिकेचा रकाना रिकामा सोडू नका. मी सोडला होता, आणि रंगमंचावर जायला मला त्यामुळे तीन वर्षं जास्त लागली.

आणि प्रॉप्स तुमच्याकडे आले तर सँडविचेससाठी काकडी अगदी पातळ चकत्या करून, खमंग काकडीला करतो तसं मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग पाणी पिळून फडक्यावर कोरडी करा. ब्रेडच्या कडा काढा आणि लोणी दोन्ही स्लाइसना आतल्या बाजूने, कडेपर्यंत लावा. तसा घास एका श्वासात गिळला जातो आणि पुढचं वाक्य स्वच्छ येतं.