‘आत्मस्विकृती’ची वेलांटी आणि अपुनचा आत्मा

प्रश्न जोगेश्वरीहून आलाय. विचारणाऱ्या ताई सकाळी सहाला सोसायटीच्या गच्चीवर योगवर्गाला जातात. वर्गाचा नवा फलक लागलाय, त्यावर लिहिलंय ‘योग : आत्मस्विकृतीचा मार्ग’. शवासन झालं की शिक्षिका सगळ्यांना डोळे मिटून ‘मी जशी आहे तशी स्वतःला स्वीकारते’ असं तीनदा म्हणायला लावतात. ताईंची शंका अशी : शब्द आत्मस्वीकृती की आत्मस्वीकार? आणि मूळ योगशास्त्रात यासाठी कोणता शब्द आहे?

फलकाचा फोटोही त्यांनी जोडलाय. बरं केलंत ताई. आता योगशास्त्र पाच मिनिटं थांबेल, आधी त्या ‘स्वि’कडे बघू.

पहिली वेलांटी! लग्नपत्रिकेत ‘आहेर स्विकारले जाणार नाहीत’, दुकानात ‘फाटक्या नोटा स्विकारत नाही’, सत्काराच्या पत्रात ‘निमंत्रणाचा स्विकार व्हावा’. मागे भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं, मी लाल पेनाने दुसरी वेलांटी करून दिली. छापून आलेल्या पत्रिकेत पुन्हा पहिली. विचारायला गेलो तर डीटीपीवाला म्हणतो, “काका, तुमचं चुकलं होतं, मी नीट केलं. सगळे असंच लिहितात.”

आता ही वेलांटी दुसरीच का? संस्कृतात ‘च्वि’ नावाचा एक प्रत्यय आहे आणि पाणिनीच्या साऱ्या पसाऱ्यात माझा हा सर्वात लाडका. हा प्रत्यय लागतो आणि लागल्यावर पूर्ण नाहीसा होतो. च जातो, व जातो, इसुद्धा जाते. मात्र जाताना तो आधीच्या शब्दातल्या शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ करून जातो. त्यासाठी पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘अस्य च्वौ’ (७.४.३२) असं वेगळं सूत्र आहे. स्व अधिक कृ, मध्ये च्वि येऊन गेला, म्हणून स्वी-कार. ती दीर्घ ई म्हणजे च्विची मागे राहिलेली एकमेव खूण. ती ऱ्हस्व केली की बिचारा आला होता याला पुरावाच उरत नाही.

हा प्रत्यय पोथीत पडून आहे असं वाटत असेल तर मुंबईच्या कुठल्याही खोदलेल्या रस्त्यावर उभे राहा. पत्र्याच्या कुंपणावर लिहिलेलं असतं ‘रस्त्याचे काँक्रिटीकरण’. काँक्रीट विलायती, करण संस्कृत आणि मधली ‘टी’ पाणिनीची. डांबरीकरण, सुशोभीकरण, संगणकीकरण, सगळी याच घराण्यातली. (‘सुशोभिकरण’ लिहिणाऱ्यांनो, तुम्हालाही वरचंच लागू.)

आणि अर्थ? च्वि कुठे लावायचा ते ५.४.५० या सूत्रात आहे आणि त्यावर पाणिनीनंतरच्या वैयाकरण कात्यायनाने एकच शब्द जोडलाय : ‘अभूततद्भावे’. जे आधी तसं नव्हतं ते तसं होताना. रस्ता आधी काँक्रीटचा नव्हता, आता होतोय, म्हणून काँक्रिटीकरण. जो आधीच काँक्रीटचा आहे त्याचं काँक्रिटीकरण होत नाही, निदान व्याकरणात तरी होत नाही. त्याच न्यायाने स्वीकार म्हणजे जे ‘स्व’ नव्हतं ते ‘स्व’ करणं, परक्याला आपलं करणं. महापालिकेतले ‘स्वीकृत नगरसेवक’ आठवा. वॉर्डातून निवडून आलेल्याला कोणी स्वीकृत म्हणत नाही, तो मुळातच सभागृहाचा. बाहेरून आत घेतलेला तो स्वीकृत.

म्हणजे फलकावरच्या शब्दाचं काय झालं ते बघा. आत्मस्वीकृती म्हणजे मी मला, जो मी माझा नव्हतो, आता माझा करून घेतो. स्वतःलाच दत्तक घ्यायचं! स्वतःला सभागृहात स्वीकृत करून घ्यायचं!

‘व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, आज लोक ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ’ हे मला कोणी ऐकवू नये. मला माहीत आहे. कुशल म्हणजे कुश तोडणारा हेही माहीत आहे आणि मी कुशल सुताराकडे दर्भ मागत नाही. पण इथे प्रश्न योगशास्त्राचा आहे आणि योगशास्त्र नेमकं याच मुद्द्यावर फार काटेकोर आहे. पतंजलीने योगसूत्रांत अविद्येची, म्हणजे मूळ अज्ञानाची, व्याख्या दिलीय ती काढून पाहा (२.५). अनित्याला नित्य समजणं, अशुचीला शुची, दुःखाला सुख, आणि चौथं, जे आत्मा नाही त्याला आत्मा समजणं. परक्याला ‘स्व’ करणं! च्वि प्रत्ययाचा अर्थ आणि अविद्येचं चौथं कलम शेजारी ठेवा. माझं मत असं की पतंजलीच्या दवाखान्यात ‘स्वीकार’ हे रोगाचं नाव आहे, फलकवाल्यांनी ते औषधाच्या बाटलीला चिकटवलंय. काही जाणकार यावर भुवया उंचावतील. उंचावू देत.

‘अस्मिता’चंही तसंच झालंय. अस्मि म्हणजे ‘मी आहे’, त्या सबंध क्रियापदालाच ‘ता’ लावून केलेलं नाम, ‘मी-आहे-पणा’. पतंजलीने तिला पाच क्लेशांत, म्हणजे मनाच्या पाच दुखण्यांत, बसवलंय, अविद्येच्या लगेच पुढे (२.३). पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, ही त्याची अस्मिता (२.६). आणि आपण? भाषणात ती दुखावते, फुलते, जपावी लागते. मुलींची नावंसुद्धा ठेवतो. ठेवा, नाव गोड आहे. फक्त योगवर्गात ‘आपली अस्मिता ओळखा’ असं कोणी म्हणालं तर ते ‘आपला क्लेश ओळखा’ असं ऐका. सल्ला योग्यच ठरेल.

आता बाकीचे नेहमीचे शब्द झटपट. ‘योगा’ म्हणणाऱ्यांवर मी लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वमध्ये स्थित, हे दर २१ जूनला कोणी ना कोणी सांगतंच. आणि ‘योग म्हणजे जोडणे, जिवाला शिवाशी जोडणे’ हेही तितकंच पाठ झालेलं, पण यावर दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, युज् दोन आहेत. एक ‘युजिर् योगे’, जोडण्याचा, त्यातून बैलाच्या मानेवरचं जू आलं. दुसरा ‘युज समाधौ’, समाधीचा, चित्त एकाग्र करण्याचा. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य उघडलं की पहिल्याच सूत्राखाली लिहिलंय ‘योगः समाधिः’, आणि त्या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र खुलासा करतात की धातू दुसरा घ्या, पहिला नको. भोजराजा तर योगसूत्रांवरच्या आपल्या टीकेच्या मंगलश्लोकातच गंमत करतो की पुरुष (पाहणारं चैतन्य) आणि प्रकृती (बाकी सारी सृष्टी) यांचा वियोग, त्याला इथे योग म्हटलंय! तरी आमचे व्याख्याते हजार वर्षं बैलाला जू लावूनच बसलेत. (ताई, तुमच्या गावच्या नावातही तोच शब्द आहे. योगेश्वरीची जोगेश्वरी झाली, प्राकृतात य चा ज होतो तसा. १९१८ साली श्री योगेंद्रांनी आपली योगसंस्था सुरू केली ती तुमच्या शेजारच्याच वर्सोव्याला.)

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो तिकडे येतो.

‘आत्मस्वीकृती’तला ‘आत्म’ आपण फार जपून उच्चारतो. देवघरातला शब्द. बाहेर काढताना हात धुवावेत असा. पण संस्कृतात आत्मन् हा अगदी रोजचा शब्द होता, ‘स्वतः’ या साध्या अर्थाने सर्वनामासारखा वापरला जाणारा. तो प्राकृतात आला तेव्हा जिभेला ‘त्म’ पेलेना. काहींनी त्याचा ‘त्त’ केला, पालीतला ‘अत्ता’ तो हा, धम्मपदातल्या ‘अत्ता हि अत्तनो नाथो’मधला. काहींनी ‘प्प’ केला : अप्पा, अप्पण. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात दोन्ही रूपं नोंदवून ठेवली. त्या अप्पणचं मराठीत काय झालं?

आपण.

‘आपण’ म्हणजे आत्मा. दिवसातून शंभरदा तोंडात येणारा, बसच्या रांगेत, भाजीवाल्याशी, ‘आपण कोण?’ असं फोनवर विचारताना. आपला, आपलेपणा, आपोआप, आपसात, आपलपोटा, सगळ्यांच्या पोटात तोच आत्मा, आपलपोट्याच्या तर शब्दशः. हिंदीतला आप आणि अपना तेच, गुजरातीतला आपणे तेच, आणि आमच्या मुंबईचा भूषणावह ‘अपुन’ही तोच. नाक्यावर पानाच्या टपरीला टेकून एखादा पोरगा ‘अपुन को क्या’ म्हणतो तेव्हा तो उपनिषदांचा शब्द वापरत असतो. उच्चार झिजलाय, एवढंच.

आता इथे एक गृहस्थ दर वेळी हात वर करतात आणि म्हणतात की आपला हा शब्द ‘आप्त’वरून आला, आप्तजन म्हणजे आपले लोक. नाही हो. आप्त हा आप् धातूचा, पोहोचणे, मिळणे. आप्त आणि आपला एकमेकांसारखे दिसतात, लग्नात एकाच पंगतीला बसतात, पण नातं नाही. चेहरा जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नसते.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक आठवतो का? आत्माच आत्म्याचा बंधू, आत्माच आत्म्याचा शत्रू. विनोबांनी गीताईत केलंय ‘आत्मा चि आपुला बंधु’. हे वाचताना मला दर वेळी हसू फुटतं. मुळात दोन्ही जागी आत्मन् आहे. विनोबांनी एका जागी तो संस्कृत वेशात ठेवला, दुसऱ्या जागी प्राकृतातून चालत आलेला, धुळीने माखलेला घेतला. आजोबा आणि नातू एका ओळीत शेजारी बसलेत आणि दोघांचं नाव एकच. तुकोबांनी तर आजोबांना बोलावलंच नाही : ‘आपुलाचि वाद आपणासी’. स्वतःशी संवाद यापेक्षा थोडक्यात सांगून दाखवा.

आणि मराठीने या शब्दाला आणखी एक काम दिलं. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण निघू’ म्हटलं की तोही चपला घालतो. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला. आला असेल, तमिळात तो आहेच, ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. पण भेद शेजाऱ्याकडून आणला तरी त्यासाठी घरातला शब्द कोणता काढला? आत्मन्! ऐकणाऱ्याला धरून ‘आम्ही’ म्हणायचं तर ‘स्वतः’ हाच शब्द वापरायचा. समोरच्याला आदर द्यायचा तरी तोच, ‘आपण बसावं’. तीन कामं, शब्द एक : मी स्वतः, तू-मी मिळून, आणि समोरचे तुम्ही. माझे एक भाषाशास्त्री मित्र म्हणतात की यात तत्त्वज्ञान शोधू नकोस, कन्नडातलं ‘तावु’सुद्धा स्वतःवाचक आहे आणि तेही आदरार्थी वापरतात, भाषांना अशा सवयी असतात. मी म्हणतो, दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी समोरच्याचा मान राखायला ‘स्वतः’ हाच शब्द निवडला, हे माझ्या बाजूने आहे की तुझ्या? यावर त्यांनी चहा मागवला.

ताई, तुमच्याच वर्गात उद्या कान देऊन ऐका. शिक्षिका म्हणतील, “आता आपण उजवा पाय वर घेऊया.” पाय तुम्ही पंचवीस जणी वर घेणार. त्या स्वतः सतरंज्यांमधून फिरत कोणाची कंबर सरळ करणार, कोणाचा फोन बंद करायला सांगणार. तरी वाक्य चुकीचं वाटत नाही. कारण ‘आपण’मध्ये त्याही आल्या, तुम्हीही आलात.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच.

आत्मस्वीकार की आत्मस्वीकृती, तर दोन्ही व्याकरणाने बरोबर, कारण कार आणि कृती दोन्ही कृ धातूचेच. मला विचाराल तर आत्मस्वीकार बरा. ‘स्वीकृती’ म्हटलं की मला टेबलावरचा अर्ज आणि शिक्का दिसतो. योगशास्त्रातला सगळ्यात जवळचा शब्द ‘संतोष’, पतंजलीच्या यम-नियमांपैकी दुसरा नियम (२.३२). व्यासभाष्यात त्याचा अर्थ फार नेटका दिलाय : जे साधन हाताशी आहे त्याहून अधिक घेण्याची इच्छा नसणं. ‘मी फार चांगली आहे’ असं काही त्यात नाही, ‘मी वाईट आहे पण चालेल’ असंही नाही. पण अडचण अशी की गिरगावातल्या कुठल्याही चाळीच्या गॅलरीत उभं राहून ‘संतोष’ अशी हाक मारली तर चार मजल्यांवरून सहा जण खाली बघतील, त्यामुळे फलकावर तो शब्द लिहिला तर लोकांना वर्गाच्या मालकाचं नाव वाटेल. तेवढ्यासाठी तो सोडून द्यायला मी तयार आहे.

शिक्षिकांच्या त्या वाक्याला माझी हरकत नाही. ‘मी जशी आहे तशी’ हे पहिले चार शब्द उत्तम आहेत, तिथेच थांबल्या तरी चालेल. फलक मात्र उतरवून घ्या. रंगारी नवा फलक करायला नाही म्हणाला तर निदान ‘स्वि’ची वेलांटी तरी बदलून द्यायला सांगा. जागा आहे, फोटोत मी मोजली. ‘स्व’च्या उजवीकडे बोटभर मोकळं आहे.